चार जिन आणि दहा बोटं

आमच्या जिनात नवा माणूस कामाला लागला की मिस्त्री त्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायचे.

"जिन किती?"

नवा माणूस बिचारा गोंधळून जायचा. सरकीपासून रुई वेगळी करणारं मशीन ते जिन, आणि अशी मशीनं जिथे असतात त्या अख्ख्या कारखान्यालाही इकडे जिनच म्हणतात. तो समोरच्या दोन रांगा मोजायचा आणि सांगायचा, "चोवीस."

"चूक. चार."

मीही चोवीसच सांगितलं होतं. चूक म्हटल्यावर घाबरून पुन्हा मोजायला लागलो, तेव्हा मिस्त्री हसले. कानातला कापसाचा बोळा काढून म्हणाले, "कुठून आला बाप्पा?"

"धुळ्याकडून."

"एवढ्या लांबून? काहून? तिकडे काय जिन नाई?"

आहेत. पण तिथे काम मिळालं नव्हतं, आणि गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. बायको आणि मुलगी गावी ठेवून मी बत्तिसाव्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात आलो. माझं शिक्षण नववी. तेसुद्धा नापास म्हणायचं. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की माझे पाय कापायचे. एक दिवस शाळेत गेलो नाही, दुसऱ्या दिवशी त्याची भीती वाटली म्हणून गेलो नाही, आणि मग गेलोच नाही.

आज मी हे चार कागद लिहू शकतो ते त्या माणसामुळे. हे आधी सांगून टाकतो. दुसरंही आधीच सांगतो, म्हणजे पुढे धीर सुटला तरी ते लिहिलेलं राहील. मिस्त्रींच्या नावावर दारव्हा रोडच्या सगळ्या जिनांमधून जी एक गोष्ट सांगतात, ती त्यांनी केलेली नाही. ती मी केली.

मिस्त्री सातवी शिकलेले. खाकी शर्ट, खिशात पेचकस आणि घड्याळवाल्याचं भिंग. मशीन बिघडलंय का ते पाहायला ते कधी झाकण उघडायचे नाहीत. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटांनी म्हणायचे, "दोन दिवस चालन. मंग रडन." दोन दिवसांनी ते बेअरिंग रडायचं. धाकटे शेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, याला अंधश्रद्धा म्हणायचे. ते पुण्याला शिकून आले होते.

मिस्त्रींच्या खोलीत एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. यवतमाळच्या रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. पुठ्ठे नव्हते, पुढची-मागची पानं उंदरांनी नेलेली. त्यामुळे मिस्त्रींचं इंग्रजी 'सी'च्या मध्येच कुठेतरी सुरू व्हायचं आणि 'टी'ला संपायचं. पण त्यांना त्यातलं एकच पान हवं होतं. ते पान इतक्यांदा उघडलेलं की पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथेच उघडायचं. बोटांच्या ग्रीसने त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या.

"अख्खी भाषा कोन शिकते बे?" ते मला म्हणाले होते. "एक शब्द घे. लहानसा. त्याले आतून-बाहेरून पाह्य. त्याचे मायबाप कोन, कुठून आला, कोनाच्या घरात राह्यला. एक झाला की झालं."

म्हणून त्यांनी जिन घेतला. आयुष्य ज्याच्यासमोर गेलं तोच.

आणि दुपारच्या सुट्टीत, डबे खाऊन झाल्यावर, त्यांनी मला ते चार जिन शिकवले. एकेक अक्षर, एकेक ओळ. मला घाम फुटायचा. ते थांबायचे, बिडी पेटवायला गेटबाहेर जायचे, परत येऊन म्हणायचे, "हं, आता वाच. कोनी मारून नाई राह्यलं तुले."

पहिला जिन आपला, मशीनचा. तो म्हणजे इंजिन या शब्दाचं तुटलेलं रूप. "मुंडकं उडालेलं इंजिन," मिस्त्री सांगायचे. आणि इंजिन फ्रान्सकडून आलेलं, आणि त्याच्याही मागे लॅटिनमध्ये एक शब्द, त्याचा अर्थ माणसाची जन्मजात अक्कल. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "पाह्य, मशीनचं नाव लोखंडावरून नाई पडलं. अक्कलेवरून पडलं."

दुसरा जिन दारूचा. तो या घराण्यातलाच नाही. तो एका झाडाच्या फळावरून आला, हॉलंडकडून. थंड मुलखातलं झुडूप. मिस्त्रींनी थेंब कधी तोंडाला लावला नाही, पण यवतमाळच्या जडीबुटीच्या दुकानात जाऊन त्यांनी त्या फळाची चौकशी केली होती. दुकानदार म्हणाला, अहो, हे तर हाऊबेर, पोटदुखीवर देतो आम्ही. तेव्हापासून काड्यापेटीत पाच-सहा काळी सुकी फळं घेऊन ते फिरायचे. कोणाच्याही नाकाखाली धरायचे. "घे, दुसऱ्या जिनचा वास घे." बाया हसून पळायच्या.

तिसरा जिन फाशाचा. ससे, पाखरं धरायचा फासा, त्यालाही इंग्रजीत जिन म्हणत. हा मात्र पहिल्याचा सख्खा भाऊ, त्याच अक्कलेच्या पोटचा. हे मिस्त्रींना फार लागलेलं होतं. पुन्हा पुन्हा ते त्याच्यापाशी यायचे. "म्हंजे पाह्य, अक्कल चालवली आन् रुई काढली. अक्कल चालवली आन् मान अडकवली. मायबाप एकच."

चौथा जिन आपल्याकडचा, भुताखेतातला. तो अरबस्तानातून आला आणि त्याचा अर्थ, गेटसमोरच्या टेलर चाचांनी सांगितलेला, जो नजरेआड असतो तो. कापूस ओढणाऱ्या बाया म्हणायच्या, जुन्या बॉयलरच्या खोलीत जिन आहे. मिस्त्री त्यांना ओरडायचे, "तुमचा जिन बॉयलरमध्ये नाई, तुमच्या समोर फिरून राह्यला. त्याले भ्या!"

त्याला भ्या, हे ते नुसतं म्हणत नसत.

जिनच्या आत चामड्याचे दोन रोलर असतात आणि त्यांना घासून सुऱ्या. रोलर रुई ओढून घेतो, सुरी सरकी खाली पाडते. कधी ओला कापूस येतो, काडीकचरा येतो, मशीन तुंबतं. मग ते बंद करून हात घालून बोळा काढावा लागतो. बाकी जिनांमध्ये बटन बंद केलं की हात घालतात. आमच्याकडे तसं नव्हतं. मशीन तुंबलं की मिस्त्रींना हाक मारायची. ते जाऊन त्या मशीनचा फ्यूज उपटायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. मग बाईने हात घालायचा. काम झालं की ती मशीनपासून दोन पावलं मागे यायची, मिस्त्रींकडे तोंड करून दोन्ही हात वर करायची, आणि मिस्त्री तिथून मोठ्याने बोटं मोजायचे. एक, दोन, तीन. दहा झाले की खिशातून फ्यूज निघायचा.

"दहा दाखव" हे आमच्या जिनात रामराम म्हटल्यासारखं झालं होतं. बाया चिडवायच्या. कुसुमबाई तर कापूस ओढणाऱ्यांत सगळ्यांत फटकळ. ती म्हणायची, "मिस्त्रीभाऊ, रात्रीतून अकरावं फुटलं तं काय करान?"

"मंग तुह्या नवऱ्याले बोलावून मोजाले लावीन."

"त्याले वीसपर्यंत येत नाई हो!"

एकदा कुसुमबाईची जाऊ घाईत होती. कुसुमबाई मशीनमागे वाकलेली असताना जाऊच आपले दोन्ही हात वर करून म्हणाली, "झालं तिचं." मिस्त्रींनी फ्यूज काढला नाही. सगळी रांग थांबली. ते जाऊला म्हणाले, "तुह्ये बोटं म्या पाह्यले. मले तिचे पाह्याचे हाये. ज्याचे हात आत, त्याचेच हात वर." त्या दिवशी ते पहिल्यांदा रागावलेले पाहिले मी.

मग धाकट्या शेठनी नवं पॅनल बसवलं. भिंतीवर मोठी पेटी, चोवीस हिरवी बटनं, चोवीस लाल. फ्यूज पेटीच्या आत कुलपात गेले आणि किल्ली शेठच्या टेबलात. मिस्त्रींच्या खिशात टाकायला काही राहिलं नाही. आठवडाभर ते त्या खिशाशी चाळा करत होते. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. फ्यूज नाई तं नाई. बोटं तं हायेत." बोटं मोजणं चालूच राहिलं. आणि मला त्यांनी पॅनलवर उभं राहायला शिकवलं. मला ते पद वाटलं. गावी फोन करून सांगितलं मी.

त्याच सुमाराला त्यांना पाचव्या जिनची शंका आली.

झालं असं की माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'बिगिन' शब्द आला होता. सुरुवात करणे. तिने फोनवर मला वाचून दाखवला आणि मी हौसेने मिस्त्रींना सांगितला. ते जेवता जेवता थांबले. "बि-गिन. त्याच्या पोटात हाये का रे आपला?" डिक्शनरी काढली, पण 'बी'ची पानं उंदरांच्या वाट्याला गेलेली. मिस्त्रींना चैन पडेना. अक्कल, फासा आणि सुरुवात एकाच रक्ताचे निघाले तर? चार दिवस त्यांनी काड्यापेटी उघडली नाही. यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपालांची ओळख होती, त्यांनी निरोप धाडला, या, आमच्याकडे मोठी डिक्शनरी आहे, शब्दांची कुळं दिलेली.

हंगाम भरात होता. गेटबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत. सुट्टी मागितली तर मिळणार नव्हती. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात न केलेली गोष्ट केली. हजेरीवर सही करून, सकाळी अकराला, मागच्या फाटकाने निघाले. मला म्हणाले, "चार वाजेपर्यंत आलोच. पॅनल तुह्यापाशी. हात पाह्याचे."

"पाहतो," मी म्हणालो.

दोनच्या सुमाराला सात नंबर तुंबलं. रुईच्या धुळीने शेड पांढरी झालेली. मशीनमागून कुसुमबाई ओरडली, "मिस्त्री, बंद करा!" तिला पॅनल दिसत नव्हतं. मी लाल बटन दाबलं. सात नंबर थांबलं. बाकीची तेवीस चालूच होती, त्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

धाकटे शेठ दारात आले. "सात का बंद आहे? बाहेर ट्रॉलीवाले माझ्या नावाने शंख करतायत. एक मशीन सुरू ठेवता येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी 'तुम्हाला' म्हणताना पॅनलच्या दिशेने पाहिलं; धुळीत तिथे कोण उभं आहे ते त्यांना दिसलं नसेल, तरी माझे पाय कापायला लागले. नववीतल्यासारखे. तेच पाय.

मशीनच्या अलीकडे कुसुमबाईची जाऊ उभी होती. तिने माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. दहा बोटं, स्वच्छ दिसली मला. मी मोजलीसुद्धा. कोणाची आहेत तेही मला माहीत होतं. शेठ दारातच उभे होते. मी हिरवं बटन दाबलं.

पुढचं लिहीत नाही. तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

शेठच्या गाडीतून तिला यवतमाळला नेलं. शेठ स्वतः बरोबर गेले, जाऊही गेली. बाकीच्या बायांना धुळीत कोण किती दिसलं देव जाणे. ज्यांना दिसलं त्या गप्प होत्या.

मिस्त्री पावणेचारला आले. मागच्या फाटकाने, हसत. हातात घडी केलेला कागद होता. शेड बंद पाहून हसू तसंच तोंडावर राहिलं. मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, जाऊच्या बोटांसकट. मी रडत होतो. त्यांनी तो कागद फ्यूजच्या खिशात घातला. सात नंबरपाशी गेले, पेचकस बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. मशीन बंद होतं. काय ऐकत होते कोण जाणे.

संध्याकाळी शेठ परतले, बरोबर जाऊही. सगळ्यांना उभं केलं. "पॅनलवर कोण होतं?"

मी तोंड उघडलं होतं. हे खरं आहे, मी उघडलं होतं. पण आवाज निघायच्या आत मिस्त्री म्हणाले, "मी होतो. हजेरी पाहा. बटन म्या दाबलं."

जाऊ खाली बघत उभी होती. मीही खाली पाहिलं.

"म्हातारा कामातून गेला," शेठ म्हणाले. "बोटं मोजायचं नाटक करायचं आणि ऐन वेळेला डोळे मिटायचे." त्याच संध्याकाळी मिस्त्रींना काढलं. सामान बांधताना मी खोलीत गेलो. ते म्हणाले, "म्या गेलतो म्हणून झालं. तू गप राह्य. तुह्यी पोरगी लहान हाये."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला बरं वाटलं.

ते बोरी अरब या गावी पुतण्याकडे जाऊन राहिले. मी जायचो, महिन्या-दीड महिन्याने, एसटीने. पडवीत खाटेवर बसलेले असायचे. मशीनचा आवाज नाही काही नाही, तरी कानात बोळे. डिक्शनरी कूलरच्या पायाखाली लावलेली दिसली. पुतण्याच्या बायकोने लावली असेल. जिन हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. बाजारात लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे, हाच तो, बाईचा हात खाणारा.

एकदा मी ठरवून गेलो. म्हणालो, "मिस्त्री, मी कुसुमबाईला सांगतो. आज जाऊन सांगतो."

त्यांनी एक बोळा काढला. पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आता कायले? माह्यावर राग धरून बसली हाये. बसू दे. तुह्यावर बसवाले तिले तो दिवस पह्यल्यापासून आठवा लागन. जाऊचं नाव निघन, एका घरात राह्यते त्या. नको."

यात शहाणपण होतं की माया, मला कळत नाही. एवढं कळतं की मला पळायला वाट हवी होती आणि त्यांनी ती खाटेवर बसल्या बसल्या दिली. मी ती घेतली. परत येताना एसटीत मला झोपसुद्धा लागली.

पुढच्या हंगामात ते गेले. निरोप आला तेव्हा मी पॅनलवर होतो. सुट्टी मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी पोचलो. पुतण्याने खाकी शर्ट आणि पेचकस माझ्या हातात दिलं. "तुमीच एकटे येत होते," म्हणाला.

खिशात तो कागद होता. घडीवर पिवळा पडलेला. मिस्त्रींच्या मोठ्या, जड अक्षरात तीन ओळी होत्या. पहिली: बिगिन, सुरुवात करणे. दुसरी: आपल्या जिनच्या कुळातला नाही. तिसरी: मूळ नक्की माहीत नाही.

एवढंच आणायला ते यवतमाळला गेले होते. आणि तरी हसत आले होते.

कुसुमबाई आता पुन्हा आमच्याच जिनात आहे. उचलायचं काम होत नाही, झाडायला असते. मशीनखालची सरकी ओढते. कधी सुरीपाशी हात घालावाच लागतो. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, तेव्हा एका जुन्या बाईने चुकून मिस्त्रींची आठवण काढली. कुसुमबाई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं नाव इथं घेऊ नका." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, म्हणाली, "हे खानदेशीभाऊ तवा पॅनलवर असते नं, तं माह्ये बोटं राह्यले असते. यायच्या हाताखाली मले भेव नाई लागत."

जाऊ तिथेच उभी होती. आमची नजर एकदा झाली आणि सुटली.

मी मिस्त्रींची रीत मोडलेली नाही. ज्याचे हात आत, त्याचेच हात वर. धाकटे शेठ चिडले तरी मी हिरवं बटन दाबत नाही. पाय कापतात, कापू देतो. नवी माणसं हसतात. मी मोठ्याने मोजतो.

काल सात नंबर तुंबलं होतं. मी बंद केलं. कुसुमबाई आत वाकली, काडीकचरा काढला, दोन पावलं मागे आली आणि माझ्याकडे तोंड करून तिने दोन्ही हात वर केले. हसत होती. मी मोजायला लागलो. चार, पाच, सहा, सात.

सातला थांबतो मी. ती थोडा वेळ तशीच हात वर धरून उभी राहते. मग म्हणते, "झालं नं भाऊ? दाबा."

मी दाबतो.